नास्तिकाचा गहू

माणसानं देव खुशाल सोडावा, पण आधी तळघर रिकामं करून घ्यावं. हा सल्ला मी हल्ली मागितल्याशिवायही देतो, कारण त्यापायी माझी कंबर कायमची गेली आहे.

माझा मित्र गार्न टोलमन यानं नेमका उलटा क्रम धरला. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्याला वाटेल त्यानं उठून पुढं जायचं, ‘मला ठाऊक आहे की हे सारं खरं आहे’ असं सांगायचं आणि डोळे पुसत परत यायचं, अशी रीत आहे. त्या रविवारी गार्न उठला, पुढं गेला, माइक आपल्या उंचीला नीट लावून घेतला आणि म्हणाला, “मला ठाऊक नाही. मला वाटतं, कुणालाच नसावं. एवढंच.” आणि येऊन बसला. बसला तो कुठं, तर माझ्या शेजारी! सगळी सभा त्याच्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघायला लागली, जसं काही मीच त्याला घरी पढवून आणला होता.

त्याच संध्याकाळी आमच्या आळीतली वर्ला ऑलरेड त्याच्या घरी चीज घातलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं घेऊन गेली. हे बटाटे आमच्या सॅनपीट खोऱ्यात मयताच्या घरी नेतात. गार्ननं दार उघडलं, भांडं बघितलं आणि घाबरून विचारलं, “कोण गेलं?”

वर्ला म्हणाली, “तू.”

बटाटे मात्र त्यानं सगळे खाल्ले. नास्तिकाची भूक काही कमी होत नाही, हे मी स्वतः बघितलेलं आहे.

आता गार्न म्हणजे काही दुष्ट माणूस नव्हे. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, बोलायला तिरका, मनानं सरळ. त्यानं चर्च सोडलं म्हणून दारू धरली नाही की बाई ठेवली नाही. त्यानं फक्त कॉफीचं यंत्र आणलं. पण आमच्यात कॉफी वर्ज्य. त्याची बायको नेड्रा हिनं आयुष्यात कॉफीचा वाससुद्धा घरात येऊ दिलेला नाही. ती म्हणाली, “हे माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही. गॅरेजमध्येही नाही, येणारेजाणारे बघतात. ठेवायचंच असेल तर तळघरात ठेव.”

आणि तळघरात गहू होता.

गहू म्हणजे डबाभर नव्हे. शेवटचे दिवस येतील, दुकानं ओस पडतील, तेव्हा घरात वर्षभराचं धान्य असावं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. नेड्रानं ती शिकवण फारच मनावर घेतली होती. लग्न झाल्यापासून ती गहू भरत आली होती. हवाबंद डबे, त्यांच्यामागं बादल्या, बादल्यांमागं आणखी डबे. पाहुण्यांच्या पलंगाला पाय नव्हते, गव्हाच्या डब्यांवरच फळी आणि फळीवर गादी. मी एकदा त्या पलंगावर झोपलो आहे. आख्खा दुष्काळ पाठीला टोचतो.

“काढायचा म्हणतोस तर काढ,” नेड्रा म्हणाली, “पण एक दाणा वाया जाता कामा नये. माणसाच्या पोटात जाऊ दे नाहीतर जनावराच्या. कचऱ्यात गेला तर मी माहेरी जाईन.”

इथं मी आलो. आमच्या मंडळीत कुणाचं बिऱ्हाड हलवायचं असो की पियानो उचलायचा असो, पुरुषांना गोळा करायचं काम माझ्याकडं असतं, कारण माझ्याकडं पिकअप आहे. आमच्यात एक वेळ श्रद्धा डळमळलेली चालते, पण पिकअप असून नाही म्हटलेलं चालत नाही. शिवाय आमचा बिशप स्टकी, जो आठवडाभर लोकांचे दात काढतो आणि रविवारी आत्मे सांभाळतो, त्यानं मला, म्हणजे थेन जेप्सनला, बाजूला घेऊन सांगितलं, “ब्रदर जेप्सन, गार्नचा हात सोडू नकोस. गहू उचलता उचलता त्याच्याशी बोलत राहा. ओझ्याखाली माणूस मऊ होतो.”

मी गेलो तेव्हा गार्न तळघरात मोजमाप करत होता. नेड्रानं मला स्वयंपाकघरात बसवून लिंबाचं सरबत दिलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“थेन, तुला सांगते,” ती म्हणाली, “आमचं लग्न आपल्या चर्चच्या मंदिरात लागलंय. मरेपर्यंतचं नव्हे, मेल्यानंतरचंही. आणि आता हा म्हणतो, वर काहीच नाही. त्याचं काय, त्याला काहीच नसलं की सुटला! मी तिथं जाऊन एकटी काय करू? कुणाशी भांडू?” तिचे डोळे भरून आले. “गहू घरात आहे तोवर मला वाटतं, याचं थोडंतरी मन इकडं आहे. ज्या दिवशी शेवटचा डबा जाईल ना, त्या दिवशी हा खरंच गेला असं मी समजेन.”

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “नेड्रा, गहू बाहेर जायच्या आत मी त्याला आत आणतो.”

वाक्य चांगलं होतं. माझं मलाच आवडलं. पुढं महिनाभर ते मला छळत होतं ते सोडा.

पहिल्या खेपेला आम्ही गरिबांना धान्य वाटणाऱ्या एका संस्थेत गेलो. वाटेत मी विषयाला हात घातला. “गार्न, हे समोरचे डोंगर बघ. कुणी केले?”

“जमिनीखालच्या दाबानं.”

“आणि तो दाब कुणी दिला?”

“ते नंतर बघू. आधी तू क्लच दाब, गिअर ओरडतोय.”

मी हार मानणारा नव्हे. “बरं, देव नाही हे तू सिद्ध करून दाखव.”

“तुझ्या गाडीच्या या खणात हत्ती नाही हे तू दाखव,” तो म्हणाला.

मी तत्काळ खण उघडला. आतून जुन्या पावत्या, एक मोजा आणि शॉना, म्हणजे माझी बायको, गेल्या वर्षीपासून शोधत असलेला चष्मा बाहेर पडला. गार्न म्हणाला, “बघ. तू निदान उघडून बघतोस तरी. म्हणून तर मी तुझ्याशी बोलतो.” यात माझी स्तुती होती की अपमान, याचा विचार करेपर्यंत संस्था आली.

तिथल्या मुलीनं डबा फिरवून फिरवून बघितला. “यात काय काय आहे ते लिहिलेलं नाही.”

“गहू आहे,” गार्न म्हणाला.

“ते वर नाव लिहिलंय. पण घटक लिहिलेले नाहीत.”

“बाई, गव्हात घटक एकच. गहू.”

“मग तसं लिहायला हवं होतं. आणि ही तारीख...” तिनं नाक डब्याला लावलं. “हे तर माझ्या आईच्या लग्नाआधीचं आहे.”

“तुझी आई टिकलीच की,” गार्न म्हणाला. त्यानंतर त्या संस्थेत आम्हाला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

तिथून टर्की पाळणाऱ्यांकडं. आमचं खोरं टर्कीसाठी प्रसिद्ध, मला वाटलं पक्षी हां हां म्हणता फडशा पाडतील. तिथला व्यवस्थापक थंडपणे म्हणाला, “आमच्या पक्ष्यांचा आहार डॉक्टर ठरवून देतो. त्यांना असलं काहीबाही चालत नाही.”

गाडीत बसल्यावर गार्ननं पट्टा लावला. मग म्हणाला, “थेन, टर्कीलासुद्धा जे चालत नाही, ते आपण जगबुडीच्या दिवशी बायकामुलांना घालणार होतो.” मला उत्तर सुचलं, पण दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना.

तोवर गावात बोभाटा झालाच होता. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं! वर्ला म्हणाली, भिजवून मोड आणा. शेजारचा रूलन म्हणाला, गोधडीत भरा, गुडघ्याला शेक चांगला मिळतो. त्यानं चार कोंबड्यांसाठी म्हणून एक बादली नेली आणि आठ दिवसांनी अर्धी परत आणली. कोंबड्यांना म्हणे कंटाळा आला. परत आणताना वर त्यानं स्वतःच्या तळघरातल्या दोन बादल्या अलगद सोबत ठेवल्या. “तुम्ही नेताच आहात, तर आमचाही घेऊन टाका. फक्त कुणाला बोलू नका.”

ही तर नांदी होती. पुढच्या रविवारी आम्ही चर्चमधून घरी आलो तर माझ्या पडवीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. डबे, बादल्या, पोती! कुणी नाव टाकलं नव्हतं, पण डबे बोलत होते. एकावर वर्लाच्या पडद्याचं कापड गुंडाळलेलं. एकावर दातांच्या दवाखान्याचा स्टिकर होता. तो मी गुपचूप खरवडून काढला आणि आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गार्न कमरेवर हात ठेवून तो ढीग बघत राहिला. मला वाटलं, आता हसेल. पण तो हसला नाही. “आणि बटाटे फक्त माझ्या घरी आले,” तो म्हणाला.

मला राग आला. त्याचा नव्हे, डब्यांचा. मी आत जाऊन पडलो, आणि मला कुणी जेवायला बोलावू नये असं शॉनाला सांगितलं. तिनं खरोखरच बोलावलं नाही.

पण शॉना स्वस्थ बसणारी नव्हे. “वाया घालवायचा नाही ना? मग खायचा,” असं म्हणून तिनं बाह्या सरसावल्या. सकाळी गव्हाची लापशी, दुपारी गव्हाचा पाव, रात्री भरड्याचे कबाब आणि गोड म्हणून गव्हाचाच शिरा. आमची पोटं मैद्यावर वाढलेली. त्यांना हे नवं होतं. शनिवारी मंडळीचं सहभोजन होतं, तिथं तिनं चार घमेली नेली आणि लोकांनी भिडेखातर खाल्ली. दुसरा दिवस नेमका महिन्याचा पहिला रविवार. ‘मला ठाऊक आहे’ सांगायला जे जे उठले, त्यातले निम्मे पुढं न जाता मागच्या दारानं वेगानं गेले. बिशप स्टकी स्वतः प्रार्थना अर्ध्यावर सोडून गेला. इतकी छोटी सभा मी आयुष्यात बघितली नव्हती. गार्नला हे कळल्यावर तो म्हणाला, “बघ, मी असतो तर शेवटपर्यंत बसलो असतो.”

धरणावरच्या बदकांचं तर विचारूच नका. एक मूठ टाकली, दोन बदकं आली. दुसरी मूठ टाकली आणि खोऱ्यातलं झाडून सगळं पाखरू आमच्यावर उतरलं. एका हंसानं माझी पँट धरली. आम्ही पिकअपमध्ये काचा वर करून बसलो आणि ते चोचींनी टपावर टकटक करत राहिले. वनखात्याची एक पोरगी येऊन म्हणाली, “पक्ष्यांना धान्य घालायला बंदी आहे.” मी म्हणालो, “बाई, हे धर्मकार्य आहे.” गार्न म्हणाला, “नाही, हे अडगळ काढणं आहे.” ती म्हणाली, “आधी तुमच्यात ठरवा, मग दंड कुणाच्या नावानं करायचा ते बघते.” शेवटी माझ्या नावानं केला. आस्तिक होतो ना!

अखेरीला डोंगरापलीकडच्या गस नावाच्या ग्रीक मेंढीवाल्यानं आमची सुटका केली. मेंढ्या, डुकरं, बकऱ्या, सगळं त्याच्याकडं. त्यानं डबा फोडला, मूठभर दाणे तोंडात टाकून चावले आणि म्हणाला, “उत्तम आहे. सगळा आणा.” तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेत डबे उतरवताना मला काही डबे ओळखीचे वाटले. ते आमच्याच तळघरातले होते. शॉनानं मला न सांगता चढवले होते. मी गार्नला ते दिसू नये म्हणून त्यांच्यापुढं उभा राहिलो. त्यानंही पाहिलं नाही असं दाखवलं. मैत्री म्हणजे दुसरं काय असतं!

गसनं आम्हाला कॉफी दिली. मी कप हातात धरून बसलो, न पिता. नाही म्हटलं तर त्याचा अपमान, प्यालो तर माझा. गार्न घोट घेऊन म्हणाला, “गस, तू देव मानतोस?”

“मानतो म्हणजे? माझ्या आईनं मानलेला आहे, आता मी कोण बदलणारा?” गस म्हणाला. “पण आमचा देव कॉफीच्या आड येत नाही. तुमचा फार कामाला लागलेला दिसतो.”

मी त्याला आमचा पक्ष समजावून सांगणार होतो, पण तेवढ्यात त्याच्या बकरीनं माझा कप रिकामा केला. माझ्यावरचं धर्मसंकट टळलं. बकरीला मात्र दिवसभर चैन नव्हतं.

तर तळघर रिकामं झालं. पाहुण्यांचा पलंग जमिनीवर आला. गार्ननं कॉफीचं यंत्र लावलं, शेजारी खुर्ची ठेवली. आणि मी? गहू सगळा बाहेर गेला होता आणि गार्न काही आत आला नव्हता. एवढे वाद घातले, डोंगर झाले, हत्ती झाला, माणसाचा डोळा कसा घडवलाय ते झालं, पण गडी इंचभर हलला नाही. नेड्रा समोर दिसली की मी रस्ता बदलायचो. छातीवर हात ठेवून वचनं देऊ नयेत माणसानं.

पंधरा दिवसांनी दुपारी गार्न माझ्या दारात आला. दाढी वाढलेली.

“पिकअप दे,” तो म्हणाला. “आणि तूही चल.”

“आता काय काढायचंय?”

“काढायचं नाही. आणायचंय. गहू.”

माझा कानांवर विश्वास बसेना. मग माझ्या डोक्यात घंटा वाजायला लागल्या. शॉना! बिशप! अरे, जिंकलो! “गार्न,” मी त्याचे दोन्ही हात धरले, “पटलं तुला! मी म्हणत होतो ना, डोळ्याच्या मुद्द्यावर तू हलला होतास!”

“काही पटलेलं नाही,” तो म्हणाला. “नेड्रा झोपत नाही. उठते, तळघराच्या पायरीवर जाऊन बसते. रिकाम्या भिंतीकडं बघत. मी विचारलं तर म्हणते, काही नाही, जा तू. भांडत पण नाही रे! चाळीस वर्षांत ही बाई माझ्याशी भांडली नाही असा आठवडा गेलेला नाही.” तो उंबऱ्यावरच बसला. “मी देव सोडला, थेन. मी तिला सोडलेलं नाही. हे तिला कसं सांगू? सांगून बघितलं. ऐकत नाही. म्हणून म्हटलं, गहू आणतो.”

मी किल्ली घेतली.

गव्हाचे डबे विकणाऱ्या चर्चच्या कोठारात ओळखीची माणसं होतीच. गार्नला बघून एक जण पळतच आला, “ब्रदर टोलमन! परत आलात!” दुसऱ्यानं मिठी मारली. गार्न बिचारा प्रत्येकाला सांगत होता, “आलेलो नाही. फक्त गहू न्यायला आलोय.” कुणी ऐकेना. आम्ही गावात पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढं पोचली होती. गार्नच्या दारात बिशप स्टकी हसत उभा, आणि वर्ला रिकामं भांडं परत न्यायच्या निमित्तानं हजर.

नेड्रा दाराशी आली. तिनं पिकअपमधले डबे बघितले, मग नवऱ्याकडं बघितलं. “हे काय?”

“गहू आहे.”

“दिसतंय. कशाला?”

“तळघर फार मोठं वाटायला लागलं,” गार्न म्हणाला आणि डबा उचलला.

मी मदतीला धावलो, तर त्यानं मला हटकलं. “तू नको. मी नेतो.” म्हणून मी, बिशप आणि वर्ला जिन्याच्या तोंडाशी उभे राहिलो आणि तो सत्तरीला टेकलेला माणूस एकेक डबा छातीशी धरून खाली नेत राहिला. नेड्रा खालच्या पायरीवर उभी राहून “इथं नको, भिंतीला लाव, ओल असते,” असं सांगत होती. पाचसहा खेपांनंतर तो तिच्याजवळ दम खात बसला.

“नेड्रा,” तो म्हणाला, “मला अजूनही वाटतं वर काही नाही. खोटं नाही बोलणार. पण समजा, मी चुकलो. समजा असलंच काही. तर दारावर जो कुणी उभा असेल ना, त्याला सांग, याला काही पटलं नव्हतं, पण गहू यानंच वाहिला.”

मी तोंड उघडलं. “म्हणजे गार्न, तू तत्त्वतः मान्य करतोस की...” बिशप स्टकीनं माझ्या पायावर असा काही पाय दिला की मी पुढचा शब्द गिळला. दाताचा डॉक्टर आहे तो, कुणाचं तोंड कसं बंद करायचं हे त्याला ठाऊक आहे.

नेड्रानं बाहीनं डोळे पुसले. “मी कशाला सांगू?” ती म्हणाली. “मी तुझी चाकर आहे? तू ये आणि तूच सांग.”

मी वाट बघत होतो. इतके दिवस मी जे जे म्हणालो, त्यातल्या प्रत्येक वाक्याला या माणसानं उलटं उत्तर दिलं होतं. आताही देईल, पुरावा मागेल, असं मला वाटलं.

“बरं,” गार्न म्हणाला. “येतो.” आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला, पुढचा डबा आणायला.